हजारामागे अकराशे बावीस

मुंबईत आमच्यासारख्याला कुणी "गाव कुठलं?" विचारलं की तोंडून आपसूक "रत्नागिरी" निघतं. पुढचा माणूस कोकणातला असेल तर लगेच टोकतो, "खुद्द रत्नागिरी?" मग तालुका सांगा, वाडी सांगा, कुणाच्या देवळाजवळ ते सांगा. एवढ्या ठसक्यानं ज्या गावाचं नाव आपण घेतो, त्या गावाच्या लोकसंख्येत आपण कधी धरलेच गेलेलो नसतो. आपली मोजदाद होते लालबागला, भांडुपला, नाहीतर नालासोपाऱ्याला.

रत्नागिरीसारख्या लहान किनारी शहराच्या लोकसंख्येचा तक्ता समोर आला की मला पहिल्यांदा हेच आठवतं. त्या तक्त्यातला अर्धा भाग मुंबईच्या तक्त्यात आहे. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय एकाचाही अर्थ लागत नाही. हा लेख त्या दोन तक्त्यांबद्दलच आहे.

आधी शहर म्हणजे कुठपर्यंत, ते बघू. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची लोकसंख्या साधारण ७६ हजार. मुंबईच्या मानानं हे एखाद्या मोठ्या वॉर्डाच्या कोपऱ्याएवढं. पण हा आकडा नगर परिषदेच्या हद्दीतला आहे. रेल्वे स्टेशनवरून रिक्षानं शहरात येताना कुवारबाव लागतं, नाचणे लागतं. तिथे इमारती आहेत, दुकानं आहेत, बँका आहेत, पण त्या भागाचा कारभार ग्रामपंचायतीचा. रोज सकाळी शहरात कामाला येणारा माणूस रात्री हद्दीबाहेर झोपतो आणि शहराच्या या आकड्यात धरला जात नाही.

अशा फुगलेल्या गावांसाठी जनगणनेनं वेगळा वर्ग केला आहे. वस्ती किमान पाच हजार हवी, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसं हवीत, आणि कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात हवेत. या तीन अटी पुऱ्या झाल्या की कारभार पंचायतीचा असला तरी जनगणना त्या गावाला शहरात धरते. तिसरी अट पुन्हा वाचा. फक्त पुरुष. बायका काय करतात, यावर गावाचं शहर होणं अवलंबून नाही. आणि हे त्या जिल्ह्यात, जिथे बायकाच जास्त आहेत! असो, तिकडे वळूच.

त्याआधी माणूस कुठे मोजायचा याचा नियम. आपल्याकडे दोन जुने शब्द आहेत, खानेसुमारी आणि शिरगणती. आज आपण ते एकाच अर्थानं वापरतो, पण 'खाना' म्हणजे घर आणि 'शिर' म्हणजे डोकं. जनगणनेचे दोन टप्पे याच दोन शब्दांत बसतात. पहिल्या टप्प्यात घरांची यादी होते, भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, पाणी कुठून येतं, घरात राहतं कोण की कुलूप आहे. दुसऱ्या टप्प्यात डोकी मोजतात. २०११ साली हा दुसरा टप्पा ९ ते २८ फेब्रुवारीला झाला आणि हिशेबाचा क्षण होता २८ फेब्रुवारी संपून १ मार्च सुरू होतानाची मध्यरात्र. त्या काळात तुम्ही जिथे नेहमीचे राहता, तिथे तुम्ही मोजले जाता. रेशनकार्ड कुठलं, मतदारयादीत नाव कुठे, सातबारा कुणाच्या नावावर, यातलं काहीही प्रगणक विचारात घेत नाही.

माझ्या एका चुलतीनं त्या वेळी प्रगणकाशी वाद घातला होता. घरात ती, म्हातारे सासरे आणि दोन मुली. तिचं म्हणणं, नवऱ्याचं नाव लिहा, मोठ्या मुलाचं लिहा. "गणपतीला येतात ना ते! घर त्यांचंच हाय." प्रगणक म्हणजे शेजारच्या गावातले शाळामास्तर. त्यांनी शांतपणे सांगितलं, काकी, ते तिकडे मुंबईला मोजतील. चुलती काही पटल्यासारखी दिसली नाही. कुटुंबप्रमुख म्हणून सासऱ्यांचं नाव लागलं, आणि त्या घरात पुरुष एक, बायका तीन.

अशी घरं हजारोंनी एकत्र करा, की जिल्ह्याचा तक्ता तयार होतो. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात ७ लाख ६१ हजार १२१ पुरुष आणि ८ लाख ५३ हजार ९४८ स्त्रिया होत्या. स्त्रियांच्या संख्येला पुरुषांच्या संख्येनं भागा, हजारानं गुणा, उत्तर येतं ११२२. हजार पुरुषांमागे अकराशे बावीस स्त्रिया. त्याच वर्षी अख्ख्या महाराष्ट्राचं प्रमाण होतं ९२९.

हा आकडा वर्तमानपत्रात आला तेव्हा माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांनी कोकणाची पाठ थोपटली. आमच्याकडे मुलगी नकोशी नाही, बघा! मलाही ते खरं असावंसं वाटतं. पण हा आकडा ते सांगत नाही. ते बघायचं तर सहा वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण काढावं लागतं, कारण सहा वर्षांचं पोर नोकरीसाठी मुंबईला जात नाही. रत्नागिरी जिल्ह्यात ते हजार मुलग्यांमागे ९४० मुलींच्या आसपास होतं. निसर्गात मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्त जन्मतात, हजाराला साधारण साडेनऊशे मुली, त्यामुळे ९४० हे वाईट नाही. राज्याच्या सरासरीपेक्षा चांगलंच. पण लहानपणी ९४० आणि सगळी वयं धरली तर ११२२, म्हणजे मधल्या वयात कुठेतरी मुलगे यादीतून गळतात. ते मरत नाहीत. ते दादरला उतरतात.

आता मुंबईचा तक्ता घ्या. शहर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया, उपनगर जिल्ह्यात ८६०. दोन्ही मिळून मुंबईत पुरुष स्त्रियांपेक्षा ९ लाख ८९ हजारांनी जास्त. रत्नागिरीत स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त आहेत सुमारे ९३ हजारांनी. मुंबईतले जास्तीचे पुरुष काही सगळे कोकणातले नाहीत. आता तर त्यात उत्तर प्रदेश, बिहारचा वाटा मोठा आहे, आणि तिकडच्याही कितीतरी खेड्यांत अशाच चुलत्या प्रगणकाशी वाद घालत असणार. पण एका तक्त्यातला खड्डा आणि दुसऱ्यातला ढीग यांचं नातं हे असं आहे.

हे नातं जुनं आहे. १८५० च्या दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, वरळीचं गिरणगाव झालं. माणसं लागली. कोकणात जमिनीचे तुकडे लहान, डोंगरउतारावरची शेती, एक पावसाळी भात आणि वरी-नाचणी, त्यावर खोताचं देणं. रोख पैसा बघायचा तर मुंबई. जायला समुद्र होता. बोट रत्नागिरीसमोर पाण्यातच उभी राहायची, पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं, ट्रंक आधी वर, मग माणूस. पावसाळ्यात बोटी बंद.

आलेला माणूस एकटा यायचा, कारण दहा बाय बाराच्या खोलीत संसार कसा मांडणार? एका गावातले, एका वाडीतले दहा-पंधरा गडी मिळून एक खोली धरत. दिवसपाळीवाला उठला की त्याच्या वळकटीच्या जागी रातपाळीवाला. जेवण खानावळीत, ती चालवणारी बहुतेकदा घाटावरची किंवा कोकणातलीच एखादी बाई. महिन्याला मनीऑर्डर. १९११ आणि १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे सहाशेही स्त्रिया नव्हत्या. २०११ चे ८३२ बघून आपण हळहळतो, पण त्या हिशेबात हे शहर आता बरंच घरगुती झालं आहे.

म्हणजे आकडा बदलतो तो दोन कारणांनी. एक तर बायका मुंबईला येतात, नाहीतर पुरुष परत जातात. मुंबईत पहिलं झालं. चाळीतल्या गावकीच्या खोलीतून एकेक जण बाहेर पडला, स्वतःची खोली केली, बायकोला आणलं. रत्नागिरी जिल्ह्याचं प्रमाण २००१ मध्ये ११३६ होतं ते २०११ मध्ये ११२२ झालं. वरवर सुधारणा. पण त्याच दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. पाच टक्के घट. राज्य सोळा टक्क्यांनी वाढत असताना हा जिल्हा आटला, सिंधुदुर्गही आटला. पूर्वी नुसता पुरुष जायचा, आता घर जातं. प्रमाण सरळ होत जातं आणि दाराला कुलूप लागतं.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा आमच्याकडचे जाणते म्हणत होते, आता माणूस गावात राहील. गाडी दोन्ही बाजूंना जाते हे कुणी लक्षात घेतलं नाही.

आता एक कोडं. त्याच २००१ ते २०११ च्या दशकात मुंबई शहर जिल्हाही घटला, साडेसात टक्क्यांनी, रत्नागिरीपेक्षा जास्त! मग रत्नागिरीची माणसं गेली कुठे? उत्तर लोकलच्या नकाशात आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो नीट मिटलाच नाही, गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनीवर टॉवर आले. चाळीतली खोली विकून किंवा सोडून माणसं उत्तरेला सरकली. पालघर तेव्हा वेगळा नव्हता, तो २०१४ मध्ये झाला. त्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या त्या दहा वर्षांत ३६ टक्क्यांनी वाढली. विरार, नालासोपारा, दिवा, बदलापूर. गणपतीच्या आधी कोकणात जाणाऱ्या एसट्या आता लालबागपेक्षा तिथूनच जास्त भरतात. आमचंही तेच. वडिलांची खोली लालबागला, माझा फ्लॅट नालासोपाऱ्याला, आणि "गाव कुठलं?" याचं उत्तर अजून रत्नागिरी.

जनगणनेला मात्र आम्ही स्थलांतरित वाटतो की नाही, हा वेगळाच विनोद आहे. स्थलांतर मोजायला ती विचारते, जन्म कुठे, याआधी कुठे राहत होता, इथे किती वर्षं, आणि आलात कशासाठी. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. माझी आई माझ्या वेळी रत्नागिरीला गेली, मी तिसऱ्या महिन्यात लालबागला आलो. धाकट्या भावाच्या वेळी ती इथेच परळला होती. म्हणजे एकाच खोलीत वाढलेल्या दोन भावांपैकी मी जन्मस्थानाच्या हिशेबानं स्थलांतरित, तो अस्सल मुंबईकर. कारणांच्या यादीत यासाठी खास पर्यायच आहे, 'जन्मानंतर स्थलांतर'. उलट वडील आयुष्यभर गिरणीसाठी मुंबईत राहिले, ते 'काम/नोकरी'. आई आली ती 'लग्न'. तिनं इथे आल्यावर पंचवीस वर्षं घरी बसून पापड-मसाले केले, पण कारण एकच लिहिता येतं. देशभरात बायकांच्या स्थलांतराचं पहिल्या नंबरचं कारण लग्न दिसतं, त्यामागे अशा कितीतरी आया आहेत. आणि माझ्या मुलीचा जन्म इथलाच, राहणं इथलंच. तिच्यापाशी कोकणाचा धागा तक्त्यापुरता तुटला.

बरं, जे गेले नाहीत ते कोण? शहराच्या आत डोकावू. रत्नागिरीत मिरकरवाडा, राजिवडा या बाजूला मच्छीमारांची वस्ती. त्यात दालदी मुसलमान आहेत, खारवी आहेत. भंडारी, कुणबी, मराठा, कोकणस्थ आणि कऱ्हाडे ब्राह्मण, बौद्ध, कोकणी मुसलमान, गुजराती व्यापारी. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं, तो १९१६ मध्ये इथेच वारला, आणि त्याच्या वंशातली माणसं पुढे याच शहरात मिसळून गेली. इतक्या लहान शहराला ब्रह्मदेशचा राजा पचवता आला, याचं मला कायम कौतुक वाटतं.

यातल्या जातींचा आकडा मात्र जनगणनेत शोधू नका. सगळ्या जाती मोजलेली, आकडे जाहीर झालेली शेवटची शिरगणती १९३१ ची. स्वातंत्र्यानंतर फक्त अनुसूचित जाती आणि जमाती मोजल्या गेल्या. भंडारी इतके टक्के, कुणबी तितके टक्के असे जे आकडे निवडणुकीच्या वेळी छातीठोक सांगितले जातात, ते जुन्या आकड्यांवरून लावलेले अंदाज असतात.

धर्माचा रकाना आहे, पण तोही जपून वाचावा. १९५१ मध्ये महाराष्ट्रात बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आत होती. १९६१ मध्ये ती २७ लाखांच्या पुढे गेली. बाहेरून कुणी आलं नव्हतं. मध्ये १९५६ चं धर्मांतर झालं होतं. पुढे कितीतरी वर्षं नियम असा होता की बौद्ध लिहिलं तर अनुसूचित जातीत गणना नाही. तो १९९० मध्ये बदलला. कोकणातल्या बौद्धवाड्यांमध्ये घरं तीच, माणसं तीच, आणि तक्त्यातले आकडे मात्र एका रकान्यातून दुसऱ्यात उड्या मारत राहिले. म्हणून दोन जनगणनांची तुलना करताना आधी विचारायचं, माणसं बदलली की व्याख्या?

भाषेचंही तसंच. जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलली ती. सांगितलेली उत्तरं मग मोठ्या भाषांखाली लावली जातात. कुणी 'मालवणी' असं सांगितलं तर ते कोकणीच्या खाली जातं, कुणी 'कोळी' सांगितलं तर मराठीच्या खाली. घरी संगमेश्वरी बोलणारा माणूस प्रगणकाला सरळ 'मराठी' सांगतो, त्यामुळे ती बोली तक्त्यात दिसतच नाही. आणि कितीतरी कोकणी मुसलमान घरांत बोलणं अगदी इथल्या मातीतलं असतं, पण रकान्यात 'उर्दू' लागतं. खोटं कुणीच बोलत नाही. आपण कोण, हे सांगायला माणसाला एकच शब्द मिळाला की तो त्यातल्या त्यात वजनदार शब्द निवडतो.

मग फेब्रुवारीचा प्रश्न. या महिन्यात किनारपट्टीवर मासेमारी जोरात असते, पावसाळ्यातली जून-जुलैची बंदी लांब असते. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं येऊन राहिलेली असतात. होड्यांवरही नेपाळी आणि परप्रांतीय खलाशी असतात. जनगणना नागरिकत्व बघून माणूस गाळत नाही, परदेशी वकिलातीतले लोक सोडले तर जो राहतो तो मोजला जातो. म्हणजे बागेतला नेपाळी राखणदार रत्नागिरीकर म्हणून धरला जातो, आणि त्या बागेचा मालक ठाण्याला राहत असेल तर तो ठाणेकर. हीच मोजणी शिमग्याच्या पालखीच्या दिवशी किंवा गौरी-गणपतीत केली असती, तर जिल्ह्याचं प्रमाण, वयोमान, सगळंच वेगळं निघालं असतं. जनगणनेला मात्र असा दिवस लागतो, जेव्हा माणसं जास्तीत जास्त आपापल्या जागी असतात. आमची 'आपली जागा' कोणती, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं.

वयाबद्दल थोडंच सांगतो. महाराष्ट्रात २०११ मध्ये साठीपुढची माणसं दहा टक्क्यांच्या आसपास होती. रत्नागिरी, सिंधुदुर्गात त्याहून बरीच जास्त. कामाच्या वयाचे गेले आणि निवृत्त होऊन काही परतले, की वयोगटांचा मनोरा मधे चेपतो. रत्नागिरी शहरात कॉलेजं, सरकारी कचेऱ्या, बंदर असल्यामुळे ते इतकं जाणवत नाही. शहरापासून पंधरा किलोमीटर आत गेलं की जाणवतं. तिथे वीज बिल भरायला, औषध आणायला, नारळ उतरवायला माणूस मिळत नाही, आणि अंत्ययात्रेला खांदेकरी शेजारच्या वाडीतून बोलवावे लागतात. जिल्ह्यात शहरी लोकसंख्या जेमतेम सोळा टक्के होती, बाकी सगळं हे असं.

२०२१ ची जनगणना कोविडमुळे झालीच नाही. म्हणजे वर दिलेले सगळे आकडे आता शिळे आहेत, आणि दुसरे नाहीत. पुढची मोजणी १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीच्या हिशेबानं आहे, त्यात जातही विचारली जाणार आहे. चुलती आता नालासोपाऱ्यालाच असते, मुलाकडे. सासरे गेले, मुलींची लग्नं झाली. या मोजणीत तिच्या नावाचा एक आकडा रत्नागिरीतून उणा होईल आणि पालघरात पडेल.

२०१० मध्ये घरयादीवाल्यांनी तिच्या दाराच्या चौकटीवर गेरूनं घाललेला नंबर अजून पुसट दिसतो. गणपतीला दार उघडलं की भाऊ दरवर्षी म्हणतो, रंग काढायला हवा एकदा. चुलती म्हणते, राहू दे, चौकटीला हात लावू नकोस.